बंडखोराचे अर्धे चित्र

‘क्वो वादिस’मुळे हेन्रिक शेंकेविच हे नाव ख्रिस्ती वाचकांच्या परिचयाचे आहे. १९०५ चे नोबेल पारितोषिक लाभलेल्या या पोलिश लेखकाची ‘अग्नी आणि खड्ग’ ही कादंबरी १८८४ साली प्रसिद्ध झाली. युक्रेनमधील १६४८ चा कोसॅक उठाव हा तिचा विषय आणि बोहदान ख्मेलनित्स्की हा त्या उठावाचा नेता. पोलंड परक्या सत्तांनी वाटून घेतला असताना स्वजनांना धीर देण्यासाठी ती लिहिली गेली, हे ध्यानी ठेवूनच तिचे मोल करावयास हवे.

गवताळ माळरानांची वर्णने आणि झ्बाराझच्या वेढ्याची प्रकरणे आजही मनाची पकड घेतात. ख्मेलनित्स्कीच्या व्यक्तिरेखेने मात्र आमचे समाधान होत नाही. खासगी सुडापायी त्याने देश पेटविला, असा ठपका कथानायक ठेवतो आणि लेखकाचा कौलही तोच दिसतो. सुडाला कारण होतेच. सुबोतिव येथील त्याची जहागीर एका पोलिश अधिकाऱ्याने बळकावली आणि त्याला न्याय मिळाला नाही. परंतु एका माणसाच्या अपमानाने सारा प्रांत उठत नसतो. शेतकऱ्यांची वेठबिगार, १६३८ साली कोसॅकांच्या हक्कांवर आलेली गदा, १५९६ च्या ब्रेस्ट येथील ऐक्यानंतर ऑर्थोडॉक्स बांधवांची झालेली कुचंबणा, ही कारणे येथे फिकी पडतात. जेझुइटांकडे शिकूनही ऑर्थोडॉक्स राहिलेला हा सरदार कॅथलिक राज्यावर का उलटला, या प्रश्नाच्या खोलात लेखक शिरत नाही. उलट, क्रौर्यात मागे नसलेला कॅथलिक सरदार यारेमा विश्न्योव्येत्स्की आदर्श वीर ठरतो.

ख्मेलनित्स्की निर्दोष होता, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या उठावात हजारो ज्यूंची कत्तल झाली. नाथान हानोव्हर या समकालीन ज्यू लेखकाने तिची हकिकत १६५३ साली व्हेनिस येथे छापून ठेवली. कादंबरीत त्या आक्रोशाला फारच थोडी जागा आहे. इकडे युक्रेन त्याला राष्ट्रपुरुष मानतो. तेथील पाच रिव्नियांच्या नोटेवर त्याचे चित्र छापले गेले.

पोलंडचेच सुपुत्र पोप जॉन पॉल दुसरे २००१ साली युक्रेनला गेले, तेव्हा त्यांनी गतकाळातील चुकांबद्दल क्षमा मागितली आणि क्षमा देऊही केली. ही कादंबरी आमच्या वाचकांनी अवश्य वाचावी. मात्र वाचताना, आपल्या पंथाच्या तलवारीखाली कोण सापडले, हेही विचारावे.