खाडाखोडीचं सौंदर्य

सुंदर अक्षर म्हटलं की आपल्याला एकसारखं, स्वच्छ अक्षर आठवतं. चिनी सुलेखनातला एक अत्यंत नावाजलेला कागद मात्र खाडाखोडीने भरलेला आहे.

758 साली यान झेनछिंगने पुतण्याला उद्देशून शोकलेख लिहायला घेतला. आन लुशानच्या बंडात हा पुतण्या, जीमिंग, मारला गेला होता; घरच्यांच्या हाती लागलं ते फक्त त्याचं शिर. आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे तो या लेखाचा कच्चा खर्डा.

काजळी आणि सरस यांची कांडी दगडावर पाण्यात उगाळायची, त्या शाईत केसांचा कुंचला बुडवायचा. शाई कागदात मुरते. रेघ मागाहून गिरवली तर लपत नाही. त्यामुळे कुंचला कुठे भरला, कुठे सुकत गेला, सगळं दिसतं. यानची सुरुवात संथ आहे. मग वेग वाढतो. कुंचला कोरडा पडला तरी हात थांबत नाही, रेघा फाटतात, शब्द खोडले जातात.

याला नुसता ‘भावनेचा उद्रेक’ म्हणणं मला अपुरं वाटतं. दुःख सगळ्यांनाच होतं. इथे ते कागदावर उतरलं, कारण हात मुरलेला होता. घाईतही रेघेचा कणा मोडत नाही. आणि खोडणारा माणूस इतक्या दुःखातही योग्य शब्द शोधतोय.

चिनी येत नसलं तरी हा कागद फोनवर मोठा करून पाहा. उजवीकडून सुरुवात करा, वरून खाली या, आणि शाई कुठे संपते तिथे थांबा.