उद्याची चिंता आणि आजचे पीठ : ‘स्मृतिचित्रे’तील भरवसा

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठी वाचकांत दोन अभिप्राय रूढ आहेत. पहिला असा की, हे आपल्या भाषेतील अत्यंत प्रसन्न, निर्मळ विनोदाचे आत्मचरित्र होय. दुसरा असा की, ही एका ब्राह्मण कुटुंबाच्या धर्मांतराची हकीकत होय. दोन्ही अभिप्राय खरे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. पहिला अभिप्राय बाळगणारे वाचक पुस्तकातील श्रद्धेची पाने हसत हसत उलटून जातात. दुसरा बाळगणारे वाचक, मग ते ख्रिस्ती असोत वा हिंदू, बाप्तिस्म्याच्या प्रसंगापाशी थांबतात. काही हर्षाने थांबतात, काही खेदाने. या दोहोंच्या मधून जी गोष्ट निसटते ती आम्हांस या ग्रंथाचा गाभा वाटते. ती म्हणजे ईश्वरावरील भरवसा. उद्या काय होणार हे ठाऊक नसताना माणसाने देवाच्या हाती स्वतःस सोपवावे म्हणजे नेमके काय करावे, या प्रश्नाचे इतके प्रामाणिक उत्तर मराठी गद्यात आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळले.

प्रथम काही तपशील ध्यानी घेऊ. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळील जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. त्यांचे वडील सोवळ्याच्या बाबतीत इतके कडक, की बाजारातून आलेले धान्यही धुतल्यावाचून घरात यावयाचे नाही. अकरा-बारा वर्षांच्या वयात नारायण वामन टिळकांशी विवाह झाला. टिळक कवी, संस्कृतज्ञ, वक्ते. परंतु एका गावी, एका नोकरीत स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. नागपूरनंतर राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असता १८९३ मध्ये आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या सहप्रवाशाशी गाठ पडली. त्या गृहस्थांनी त्यांस नव्या कराराची प्रत दिली. त्या वाचनातील गिरिप्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गिरिप्रवचनाचा उल्लेख येथे मुद्दाम केला. अन्नवस्त्राची व उद्याची चिंता करू नका, आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे पाहा, हा येशूचा प्रसिद्ध उपदेश त्याच प्रवचनात आहे. ख्रिस्ती माणसाच्या भरवशाचा हा पाया मानला जातो. टिळकांना तो उपदेश भावला यात नवल नाही. कारण तो कानी पडण्यापूर्वीच ते तसे वागत होते. किराण्यासाठी दिलेले पैसे वाटेत भलत्याच कामी खर्च व्हावेत, घरातील वस्तू मागणाऱ्याच्या हाती जावी, पुढचा विचार न करता गाव सोडावे, हा त्यांचा क्रम धर्मांतराच्या आधीही होता आणि नंतरही राहिला. येथे टीकाकाराने एक अवघड प्रश्न टाळता कामा नये. ज्याला मुळातच चिंता वाटत नाही त्याच्या निश्चिंतपणाला श्रद्धा म्हणावे की स्वभाव? आणि ज्या घरात पुरुष पाखरांसारखा निश्चिंत असतो, त्या घरातील चूल कोणाच्या चिंतेवर पेटते?

‘स्मृतिचित्रे’ हा प्रश्न मोठ्याने विचारीत नाही. तो विचारण्याची लक्ष्मीबाईंची रीत निराळी आहे. त्या डब्यातील पिठाची स्थिती सांगतात, पाहुण्यांची संख्या सांगतात, टिळकांचे भाषण सांगतात आणि पुढच्या प्रसंगाकडे वळतात. वाचक हसतो. दोन पाने पुढे गेल्यावर त्याच्या ध्यानी येते की, आपण ज्यास हसलो ती एका स्त्रीची उपासमारीशी चाललेली झटापट होती. हा विनोद कडवट नाही, कारण लेखिकेच्या मनात पतीविषयी राग असला तरी तिरस्कार नाही. तसाच तो भाबडाही नाही, कारण हिशेब कोठेच पुसलेला नाही. टिळकांच्या औदार्याची किंमत कोणी मोजली हे पुस्तक वाचणाऱ्यास पुरते कळते. मात्र लेखिका त्याचे देणे मागत नाही.

धर्मांतरानंतर चार-पाच वर्षांचा वियोग आला. या काळातील काही दिवस लक्ष्मीबाईंनी नातलगांबरोबर पंढरपूरला काढले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लहानगा दत्तू पदराशी, आप्तांच्या घरी आश्रय आणि चहूकडून येणारे सल्ले, अशी ती स्थिती होती. आजचा एखादा लेखक या काळावर ईश्वरी योजनेचा शिक्का सहज मारील. पुढे सर्व गोड झाले, तेव्हा मागचे सारे दुःख देवाने हेतुपूर्वकच दिले होते, असे म्हणण्याचा मोह श्रद्धावान आत्मचरित्रकारास नेहमी होतो. आमच्या मते भक्तिपर आत्मवृत्तांचा हा सर्वांत मोठा दोष होय. शेवट ठाऊक असलेला लेखक मधल्या अंधारावर मागाहून दिवा लावतो आणि मग तो अंधार खरा वाटेनासा होतो. लक्ष्मीबाई तो दिवा लावीत नाहीत. त्या दिवसांतील भ्रमिष्टपण, संताप, लोकलज्जा त्यांनी जशीच्या तशी ठेवली आहे. १९३४ पासून हे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा त्या दुःखास जवळजवळ चाळीस वर्षे लोटली होती आणि लेखिका ख्रिस्ती म्हणून प्रतिष्ठा पावली होती. तरीही तेव्हाची हिंदू स्त्री आपल्या पूर्ण कैफियतीसह पुस्तकात उभी आहे. हा संयम साहित्याचा आहे, तसा श्रद्धेचाही आहे. खऱ्या भरवशाला मागचे दुःख लहान करून दाखविण्याची गरज भासत नाही.

पतीकडे परतल्यावर त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही काळ त्यांनी आपले सोवळे सांभाळले, आणि टिळकांनीही ते सांभाळू दिले. पुढे एकदा जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचाराने त्यांच्या मनात ठाण मांडले. तो माणसाचाच आहे असे स्वतःच्या बुद्धीस पटले, तेव्हा त्यांनी तो टाकला. बाप्तिस्मा १९०० मधला. या साऱ्या मजकुरात धर्मशास्त्राची चर्चा अल्प आहे. पाणी कोणाच्या हातचे प्यावे येथून त्यांच्या श्रद्धेचा आरंभ झाला. मोठे तत्त्व लहान कृतीतून तपासून घ्यावयाचे ही त्यांची पद्धत येथे स्पष्ट दिसते.

या भरवशाची तुलना पंडिता रमाबाईंच्या भरवशाशी करणे उद्‌बोधक ठरेल. रमाबाईंच्या शारदा सदनास अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपली. त्याच सुमारास दुष्काळातील निराश्रित मुली त्यांच्याकडे येत होत्या. केडगावच्या मुक्तीतील संख्या अल्पावधीत दोन हजारांच्या घरात गेली. निश्चित वर्गणीचा आधार नाही आणि खाणारी तोंडे रोज वाढती. अशा वेळी प्रार्थना हाच आधार असे रमाबाई म्हणत. परंतु त्यांनी प्रार्थनेबरोबर विहिरी खोदविल्या, शेती लावली, छापखाना चालविला, मुलींच्या हातांना धंदे शिकविले. दुष्काळी कामांची हजेरीपत्रके ज्यांनी हाताळली आहेत त्यांस दोन हजार माणसांच्या एका दिवसाच्या धान्याचा अर्थ कळतो. आमचे आयुष्य सरकारी कागदांत गेले. म्हणून सांगतो की, एवढा पसारा केवळ डोळे मिटून चालत नाही, आणि केवळ हिशेबाच्या बळावर हाती घेण्याचे धाडसही कोणास होत नाही. रमाबाईंची श्रद्धा संस्थेच्या मापाची, लक्ष्मीबाईंची एका माजघराच्या मापाची. तथापि दोघींची जात एकच. देवावर हवाला टाकणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे, हे दोघींस ठाऊक होते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या नोकरीचा त्याग करून संन्यास पत्करला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ आरंभिला. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानणाऱ्या या कवीस ते शोभून दिसले. त्यांच्या आयुष्याची ती सांगताच म्हणावी लागेल. मात्र संसारी स्त्रीच्या बाजूने पाहता उतारवयात पुन्हा एकदा निश्चित उत्पन्न गेले. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस टिळकांचे देहावसान झाले. पुढे लक्ष्मीबाईंनी मुलींच्या वसतिगृहात काम केले, मुलाच्या बिऱ्हाडाबरोबर कराचीपर्यंतचा प्रवास केला आणि पतीने आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे रचीत नेले. ज्यांना लग्नापूर्वी अक्षरओळख नव्हती, त्यांनी पतीचे अपुरे महाकाव्य हाती घ्यावे, हे धाडस भरवशावाचून संभवत नाही. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या.

या ग्रंथात उणिवा नाहीत असे नव्हे. बाप्तिस्म्यानंतरच्या लक्ष्मीबाईंचे अंतरंग आरंभीच्या भागांइतके उघडे होत नाही. एकांतात त्या देवाशी काय बोलत, हे जाणण्याची वाचकाची इच्छा बरीचशी अतृप्त राहते. प्रसंगांची रेलचेल आहे, चिंतनाची नाही. टिळकांच्या थोरवीपुढे त्यांच्या अव्यवहाराचा निवाडा करण्याचे लेखिका टाळते, हाही आक्षेप घेता येईल. तो आक्षेप आम्ही अर्धाच मान्य करतो. निवाडा शब्दांत नसला, तरी प्रसंगांच्या निवडीत तो आहेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकाच घरात दोन भरवसे नांदत होते. टिळकांचा भरवसा पाखराचा होता. त्याच्यापाशी चिंताच नव्हती. लक्ष्मीबाईंचा भरवसा चिंतेसकट होता. त्या रडल्या, भांडल्या, रुसल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ मळावयास बसल्या. पहिला भरवसा काव्याला जन्म देतो आणि जगाला मोहवितो. परंतु सामान्य माणसास अनुकरण करता येईल असा भरवसा दुसराच होय. उद्याची चिंता करू नका या वचनाचा अर्थ उद्याची तरतूद करू नका असा होत नाही. आजचे काम चिंतेच्या ओझ्याखाली टाकून देऊ नका, असा आम्ही तो घेतो, आणि ‘स्मृतिचित्रे’ हे आमच्या दृष्टीने त्या वचनावरील एक उत्तम मराठी भाष्य आहे.

आपल्यासारख्या घरांस हे भाष्य परके वाटू नये. कोणाचे पूर्वज फौजेबरोबर आले, कोणाचे संस्थानी चाकरीस, कोणाचे पुढे रेल्वेच्या नोकरीत. संस्थाने गेली, नोकऱ्या संपल्या, प्रांतांच्या सीमा बदलल्या. तरी देव्हारा आणि दप्तर दोन्ही जपून आपली घरे परमुलखात टिकली. देव निराळ्या नावाने हाकारला गेला असेल. परंतु उद्याची शाश्वती नसताना आज चूल पेटविणाऱ्या बायका आपल्याही कुळांत होत्या. त्यांतील बहुतेकींनी काही लिहून ठेवले नाही. ख्रिस्ती झालेल्या एका गोखल्यांच्या लेकीने ते लिहिले. हे पुस्तक ज्यांनी केवळ हसण्यासाठी वाचले असेल त्यांनी ते पुन्हा एकवार हाती घ्यावे आणि या वेळी विनोदाच्या मागील पिठाच्या डब्याकडेही लक्ष द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.