काळी आणि पांढरी : एका रंगशब्दाची उलटतपासणी

मंडळी, आज आपण 'काळा' हा शब्द घेतलाय. रोजचा शब्द, लहान मूलही ओळखतं. 'मराठीत काळा म्हणजे वाईट, पांढरा म्हणजे चांगला' असं आपण सहज बोलून जातो. ते कितपत खरं आहे, एवढंच आज तपासायचं.

सुरुवात अहिल्यानगरजवळच्या सीनाकाठच्या नागापूरपासून करू. देशावरच्या इतर गावांसारखी तिथंही जुन्या भाषेत दोनच वाटण्या : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) ही विभागणी येते. इथं शुभ-अशुभाचा प्रश्नच नाही, प्रश्न मातीच्या गुणाचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं तिच्यावर भिंत टिकत नाही. पांढरी माती धाब्यावर चोपून घातली की छत गळत नाही. शिवाय चुलीची राख आणि पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या मिसळत जाऊन वस्तीची जागा आणखी पांढुरकी होते. म्हणून तर पुरातत्त्वाचे लोक पांढरीची टेकाडं शोधत हिंडतात. याच जिल्ह्यात जोर्वे इथं १९५०-५१ला आणि नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात डॉ. सांकलियांनी उत्खनन केलं. शेतकरी मात्र अशा टेकाडाची माती गाडीत भरून काळीत खत म्हणून टाकत आला. म्हणजे गावाच्या हिशेबात काळी पोसणारी, पांढरी राहायला जागा देणारी. दोन्ही लागतात.

आता घरात या. मंगळसूत्राचे मणी काळे. संक्रांतीला हौसेनं नेसायची ती काळी चंद्रकळा. बाळाच्या गालावर तीट काळी. नाशिकचा राम काळा, पंढरीचा विठोबा काळा. गायकानं 'काळी दोन' म्हटलं की पेटीवाला पट्टी पकडतो, कुणाच्या मनात पाप येत नाही. उलट पांढरं काय काय करतं बघा : विधवेचं 'पांढरं कपाळ', सुनेला लावलेला 'पांढऱ्या पायाची' हा डाग. पांढऱ्याचं सोवळेपण इथंच संपतं.

मग काळ्याची एवढी बदनामी कुठून आली? बराच भाग वर्तमानपत्रातून. काळा बाजार, काळा पैसा, काळी यादी हे शब्द इंग्रजीवरून जसेच्या तसे बेतलेले आहेत. पण सगळं खापर इंग्रजीवर फोडून चालणार नाही. 'तोंड काळं करणं', 'काहीतरी काळंबेरं' हे आपलेच वाक्प्रचार आहेत. आणि सगळ्यांत टोचणारा वापरही आपलाच. तो असा.

शेताला 'काळी' म्हटलं की पुढं 'आई' येतं. मुलीला 'काळी' म्हटलं की पुढं 'पण नाकीडोळी नीटस' येतं. त्या 'पण'कडे लक्ष द्या. एकाच घरात, कधीकधी एकाच माणसाच्या तोंडी, हे दोन्ही वापर असतात. मुलीच्या स्थळाच्या जाहिरातीत 'काळी' हा शब्द येतच नाही. तिथं सावळी, निमगोरी, गव्हाळ. गहू चालतो, गहू ज्या मातीत येतो ती चालत नाही!

असं का होतं? आमचं म्हणणं असं की रंग दोन्हीकडे तोच, पण पारख करण्याची रीत वेगळी. जमिनीचा काळेपणा कसणारा ओळखतो आणि तो पिकावरून ओळखतो. मुलीचा काळेपणा बघायला आलेले ठरवतात, तिनं काय केलं, काय शिकली हे विचारायच्या आधी. म्हणून सभेत 'काळी आई' म्हणून टाळ्या घेणाऱ्या वक्त्याला आपण एकदा विचारायला हवं, की घरात हा शब्द तुम्ही कुणासाठी वापरता?

आता पुन्हा नागापूर. आज हे नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांसमोर औद्योगिक वसाहत येते. कारखाने, गाळे, प्लॉट. शहराच्या कडेच्या जमिनी बिगरशेती होत जातात. रोजगार आला, त्याचं मोल कमी नाही. पण प्लॉटला कुणी 'काळी' म्हणत नाही, त्याचा फक्त चौरस फुटाचा भाव असतो. पांढरीवर धाब्याऐवजी स्लॅब आला, तसा 'पांढरी' हा शब्दही मागे पडला. शब्द वापरात राहतो तो कामामुळं. काम गेलं की 'काळी'चा मानाचा अर्थ फक्त भाषणात उरेल आणि रोजच्या बोलण्यात उरेल तो काळा पैसा, काळी यादी आणि 'काळी आहे, पण...'.

कोशात जुना अर्थ नोंदवून ठेवणं चांगलंच, पण तेवढ्यानं भागत नाही. जे काळीत राबले ते आजी-आजोबा अजून घरात आहेत. त्यांना शेतातल्या मातीच्या जाती विचारा, त्या शब्दांसकट लिहून घ्या. आणि मुलीबद्दल बोलताना तो 'पण' गाळून बघा. वाक्य पूर्ण होतं.