फुकट महिना : एक परीक्षण

फुकट मिळालेल्या गोष्टीचं परीक्षण आपल्यात कुणी करत नाही. पुस्तक विकत घेतलं तर माणूस लेखकाला चार शिव्या तरी देतो. तेच भेट मिळालं की मुखपृष्ठाची तारीफ करून कपाटात ठेवतो. नाटकाचा पास मिळाला तर तिसऱ्या अंकापर्यंत बसतो आणि बाहेर येऊन ‘नेपथ्य छान होतं हं’ म्हणतो. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ ही म्हण आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे, की फुकटाला नावं ठेवणं म्हणजे असंस्कृतपणाच. पण अलीकडे एक नवी गाय दारात येऊ लागली आहे. ती तीस दिवस फुकट दूध देते आणि एकतिसाव्या दिवशी आपण तिला विकत घेतल्याची पावती पाठवते. या गाईचे दात मात्र मोजायलाच हवेत. किंबहुना आधी दातच मोजावेत, दुधाचं नंतर बघावं.

ही गाय म्हणजे प्रवास-सवलतींचं सभासदत्व. विमानाचं तिकीट काढताना पैसे भरायच्या पानाअगोदर एक सोनेरी पट्टी येते : ‘आमचे खास सभासद व्हा! पहिले तीस दिवस मोफत!’ आम्हाला ती दिसली जुलैअखेरीला, बेंगळुरूला लेकीकडे जायचं तिकीट काढताना. मी हिला वाचून दाखवलं. ही भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, फुकट म्हणजे कुणाच्या पैशानं?”

अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे. हा प्रश्न मात्र तिला सुचला.

तरीही मी सभासद झालो. टीकाकाराला नाटक पाहावंच लागतं. मात्र होण्याआधी कालनिर्णयवर पंचविसाव्या दिवसाला लाल फुली मारली आणि बाजूला लिहिलं, ‘गाय सोडणे’. कामवाल्या बाईंनी ते वाचलं आणि आठवडाभर माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं.

आता मूळ संहितेकडे वळू. ‘वर्षाला बारा हजार रुपयांचे फायदे, फक्त १,४९९ रुपयांत’ असं मथळ्यात होतं. खाली यादी. हॉटेलांवर पंधरा टक्क्यांपर्यंत सूट. विमानतळावरच्या लाउंजमध्ये वर्षातून दोनदा प्रवेश. मनासारखी सीट. तिकीट रद्द केल्यास निवडक प्रवासांवर शुल्कमाफी. हॉटेलची खोली उशिरा सोडण्याची मुभा, उपलब्धतेनुसार. लेखनाचा बाज एकंदरीत प्रसन्न, पण शब्दसंपत्ती मर्यादित. ‘पर्यंत’, ‘निवडक’ आणि ‘उपलब्धतेनुसार’ या तीन शब्दांवर सगळा डोलारा उभा. मराठी व्याकरणात ‘पर्यंत’ हे एक साधं शब्दयोगी अव्यय आहे. या साहित्यप्रकारात ते कर्तं पुरुष आहे. पंधरा टक्क्यांपर्यंत म्हणजे दोन टक्केही, आणि कधीकधी शून्यही. शून्य हेही पंधराच्या आतच येतं.

मग मी हिची हिशोबाची वही काढली. सभासदत्व घ्यावं की नाही हे ठरवण्याचा याहून चांगला ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही. गेल्या वर्षभरात आम्ही कुठे कुठे गेलो ते त्यात पैशासकट होतं. चिपळूणला अक्काकडे दोनदा, एसटीनं. नागपूरला लग्नाला, रेल्वेनं, मुक्काम कार्यालयातल्या गाद्यांवर. गणपतीपुळ्याला तीन रात्री, पर्यटन महामंडळाच्या निवासात. बेंगळुरूला एकदा, विमानानं, मुक्काम लेकीकडे. आता यादी आणि वही शेजारी शेजारी ठेवा. हॉटेलवरची सूट : महामंडळाचं निवास यादीत नाही, लेकीचं घरही नाही. मनासारखी सीट : आम्ही त्यासाठी कधीच पैसे भरत नाही. विमानवाले आम्हाला दूर दूर बसवतात. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाल्यावर दीड तासाच्या या विरहाची दोघांपैकी कुणीच तक्रार केलेली नाही. उशिरा खोली सोडणं : हिला पहाटे पाचला जाग येते. शुल्कमाफी : आमचं तिकीट रद्द होत नाही, आमचा जन्मच रद्द करायच्या शुल्काला घाबरण्यात गेला.

राहता राहिला लाउंज. यादीत त्याची किंमत बाराशे रुपये लावली होती. पण फायद्याची किंमत विकणाऱ्यानं लावलेली धरायची नसते. ही सोय नसती तर आपण पदरचे किती दिले असते, ती धरायची. मी विमानतळावर फार तर इडली-कॉफी घेतो. शिवाय सभासद मी एकटा. म्हणजे मी आत कोचावर बसून उपमा खाणार आणि ही बाहेर लोखंडी खुर्चीवर पिशवी सांभाळत बसणार. अशा उपम्याची खरी किंमत घरी आल्यावर कळते. दोन वेळचे मिळून मी सहाशे रुपये धरले. सहाशेसाठी चौदाशे नव्व्याण्णव. परीक्षण इथेच संपायला हवं होतं.

पण फुकट महिन्याची करामत अशी, की तो मागच्या वर्षाचा हिशोब करूच देत नाही. पुढचे तीस दिवस पुढ्यात टाकतो. त्यातही मेख आहे. हा महिना प्रवासाच्या दिवशी सुरू होत नाही, बटण दाबल्यापासून सुरू होतो. आमचं तिकीट होतं ऑक्टोबरचं, फुकट महिना ऑगस्टचा. म्हणजे चाचणीच्या काळात चाचणी घ्यायला हाताशी प्रवासच नाही. मग तो शोधायचा. दर दोन दिवसांनी फोन किणकिणू लागला : ‘तुमचे फायदे वाट पाहत आहेत’, ‘फक्त अठरा दिवस उरले’. आमच्याकडे एरवी एवढ्या अगत्यानं वाट फक्त दूधवाला पाहतो, तीही महिनाअखेरीला.

आणि घर बदललं हो. ज्या घरात ‘कशाला उगाच खर्च’ हे कुलदैवताच्या जागी होतं, तिथे ‘वाया जातंय’ हा शब्द ऐकू येऊ लागला. पुतण्यानं उदयपूर काढलं. तळ्याकाठचं हॉटेल, सभासदांना बारा टक्के सूट. काका, तीन हजार वाचतील म्हणाला. किती खर्चल्यावर, विचारलं तर अडतीस हजार. तीन हजार वाचवायला अडतीस हजार घालवायचे हे गणित तो इतक्या तळमळीनं समजावत होता, की क्षणभर मलाच माझ्या काटकसरीची शंका यायला लागली. भेंडी चिरताना तो मार्मिक प्रश्न विचारणारी हीसुद्धा उदयपूरचे फोटो मोठे करून पाहू लागली.

हे का होतं, ते अर्थशास्त्र्यांनी शोधून ठेवलेलं आहे. डॅनियल काहनेमन, जॅक क्नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली कॉफीच्या मगांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निम्म्या विद्यार्थ्यांना मग फुकट दिले आणि मग ‘केवढ्याला विकाल?’ असं विचारलं. बाकीच्यांना ‘केवढ्याला घ्याल?’ असं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी मागितलेली किंमत दुसऱ्यांच्या किमतीच्या दुपटीच्या घरात गेली. मग तोच, फक्त तो ‘माझा’ झाला होता. दुसरा अभ्यास डेलाविन्या आणि माल्मेंडियर या दोघांचा, २००६ सालचा. अमेरिकेतल्या व्यायामशाळांचे जे सभासद महिन्याला सत्तरहून अधिक डॉलर भरत, त्यांना एकेक भेट सतरा डॉलरच्या वर पडत होती. दहा भेटींचा पास घेतला असता तर तीच भेट दहा डॉलरला पडती. म्हणजे माणूस सभासदत्व घेतो ते आपण आहोत त्या माणसासाठी नाही, आपण होऊ इच्छितो त्या माणसासाठी. व्यायामशाळेत तो पिळदार असतो. आमच्या बाबतीत तो तळ्याकाठी उशिरा उठत होता.

आणि अशा सुमाराला अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी, मुक्काम चिपळूण. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. “तुम्ही यायलाच पाहिजे असं काही नाही,” म्हणाली. आमच्या घराण्यात याचा अर्थ यायलाच पाहिजे असा होतो. उदयपूरच्या तारखाही नेमक्या त्याच होत्या. पुतण्या म्हणाला, ऑपरेशन हल्ली अर्ध्या तासाचं असतं काका, नंतर जाऊन या ना; सूट नंतर नाही मिळणार.

या वाक्यासाठी मी त्या योजनेचा आभारी आहे, कारण तिचा सगळा आशय त्यात आला. सवलतीला मुदत असते आणि बहिणीला नसते असं आपण धरून चालतो.

आम्ही चिपळूणला गेलो. स्वारगेटहून एसटी, सातारा, पाटण, कोयनानगर आणि धुक्यातला कुंभार्ली घाट. हिचं तिकीट अर्धं, कारण १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. माझंही अर्धं, कारण मी पासष्ट ओलांडली आहे. कंडक्टरनं माझं कार्ड पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, आणि दोन्हींत फारसा फरक न आढळल्यामुळे तिकीट फाडलं. तीस दिवस मोफत नाही, सोनेरी पट्टी नाही. दुसऱ्या दिवशी अक्काच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. तिनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “अरे, तू केवढा म्हातारा झालास रे!” कित्येक वर्षं ती मला धूसर, म्हणजे तरुण, बघत होती. मग तिनं हात लांब करून माझ्या गालावरून फिरवला. दाढीचे पांढरे खुंट तिला दिसत होते की नुसते लागत होते कोण जाणे. परतताना ही खिडकीशी बसली होती. उदयपूरचा विषय पुन्हा निघाला नाही.

न्यायाच्या दृष्टीनं सांगितलं पाहिजे, की आमच्यासारखी माणसं या पट्टीकडे वळतात याला कारण आहे. रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना चाळीस आणि स्त्रियांना पन्नास टक्के सवलत होती. २० मार्च २०२० पासून ती थांबली. वयानं आपोआप मिळणारी गोष्ट गेली की तिच्या जागी वर्गणीनं मिळणारी गोष्ट येऊन बसते. सवलत विकत घेण्यालाही माझी ना नाही. एसटीनं १९८८ साली ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास काढला. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. आधी पैसे भरा आणि हिंडा. सातवा दिवस संपला की पास संपतो. आठव्या दिवशी तो तुमच्या बँकेत पुनर्जन्म घेत नाही.

फुकट महिन्याला मात्र मोक्ष नसतो, तो मागावा लागतो. लाल फुलीच्या दिवशी मी सभासदत्व रद्द करायला बसलो. ते करायचं बटण शोधायला ‘खाते’, त्यात ‘पसंती’, त्यात ‘योजना’, त्यात ‘व्यवस्थापन’ अशी चार दारं. शेवटी प्रश्न : ‘खरंच बारा हजारांचे फायदे सोडणार?’ आणि खाली फिकट अक्षरांत उत्तर : ‘होय, मला बचत नको.’ सोडताना माणसाला ओशाळं करायच्या या युक्तीला आणि वर्गणीच्या सापळ्याला, दोन्हींना आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई आहे; असे तेरा प्रकार त्यात नावानिशी दिले आहेत. अमेरिकेत तर ॲमेझॉनवर तिथल्या व्यापार आयोगानं २०२३ साली दावा लावला. ‘प्राइम’ सोडायच्या लांबलचक वाटेला कंपनीतली माणसंच ‘इलियड’ म्हणत, असं त्या दाव्यात होतं. २०२५ च्या सप्टेंबरात अडीच अब्ज डॉलरला ते प्रकरण मिटलं. आपल्याकडे एक बरं आहे, अशी आपोआप वसुली करण्याआधी निदान चोवीस तास बँकेचा निरोप यावा लागतो. मात्र पंधरा हजारांपर्यंतच्या वसुलीला पुन्हा ओटीपी लागत नाही, आणि तो निरोप विम्याच्या, कर्जाच्या आणि साडीच्या सेलच्या निरोपांत येतो. त्यावर विसंबू नये. कालनिर्णयवर विसंबावं.

तेव्हा निकाल. जो वर्षाला पाच-सात वेळा स्वतःच्या पैशानं विमानानं जातो आणि परक्या हॉटेलात उतरतो, त्याला हे सभासदत्व परवडेल. ज्याचा प्रवास आधीच ठरला आहे, त्यानं ते तीस दिवस प्रवासाभोवती बसतील अशा बेतानं बटण दाबावं, रद्द केल्याबरोबर फायदे थांबतात की महिनाअखेरपर्यंत चालतात ते आधी वाचावं, आणि फुली मारावी. बाकीच्यांनी गेल्या वर्षीची हिशोबाची वही काढावी. तीत जी गावं आहेत ती यादीत नसतील, तर यादी चुकली आहे, गावं नव्हेत.

हिनं परीक्षणाचा कच्चा खर्डा वाचला आणि एकच दुरुस्ती सुचवली. लाउंजमधल्या उपम्याचे सहाशे जास्त धरलेत म्हणाली. ती घरी करते त्यात शेंगदाणेही असतात.