आवश्यकता आणि कार्यमान : एका अहवालाचे पुनर्वाचन

सॉफ्टवेअरच्या विद्यापीठीय अभ्यासात आवश्यकतांचा विचार एका अभ्यासपत्रिकेत आणि कार्यमानाचे विश्लेषण दुसरीत, अशी वाटणी बहुधा रूढ आहे. पहिलीत प्रणालीने काय करावे याचे शब्दांकन होते. दुसरीत ते किती वेळात होते याचे गणित मांडले जाते. ही वाटणी अध्यापनाच्या सोयीची खरी. परंतु ती विषयाच्या स्वरूपातून निघालेली नाही. लंडन रुग्णवाहिका सेवेच्या संगणकीय व्यवस्थेवरील १९९३ सालचा चौकशी अहवाल या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे.

ही व्यवस्था २६ ऑक्टोबर १९९२ रोजी पूर्णत्वाने सुरू झाली. सेवेचे क्षेत्र ६०० चौरस मैलांहून अधिक आणि रोजचे दूरध्वनी २,००० ते २,५०० होते. शेकडा ९५ प्रसंगी रुग्णवाहिका १४ मिनिटांच्या आत पोचावी, असा दंडक होता. म्हणजे कार्यमान ही येथे मागाहून मोजावयाची बाब नव्हती. तीच मूळ आवश्यकता होती. तथापि आवश्यकता-लेख सिद्ध होताना रुग्णवाहिकांवरील सेवकांचा सहभाग अत्यल्प राहिला, आणि प्रत्येक वाहनाच्या ठावठिकाण्याची जवळजवळ निर्दोष माहिती यंत्रास सतत मिळेल, असे गृहीत धरले गेले. ती मिळाली नाही. भलतीच वाहने धाडली गेली, अपवाद-संदेशांची यादी लांबली, यंत्र मंदावले आणि ताटकळलेले लोक पुनःपुन्हा दूरध्वनी करू लागले.

प्रतीक्षारांगांच्या सर्वांत साध्या प्रतिमानानुसार यंत्र ५० टक्के व्यग्र असता सरासरी प्रतिसादकाल सेवाकालाच्या दुप्पट होतो, ८० टक्क्यांस पाचपट आणि ९० टक्क्यांस दहापट. परंतु मागण्यांचे आगमन विलंबावर अवलंबून नसते, हे या गणिताचे गृहीतक आहे. लंडनमध्ये विलंबानेच नव्या मागण्यांना जन्म दिला. असे प्रतिमान केवळ आकडे बदलून सुधारत नाही. मागणी का उद्भवते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. आणि तो आवश्यकतांच्या अभ्यासाचा प्रश्न होय.

अहवालाचा मोठा गुण असा की, तो सारा दोष कोणा एकाच्या माथी मारीत नाही. मात्र २६ व २७ ऑक्टोबरला यंत्रणा तांत्रिक अर्थाने निकामी झाली नव्हती, हे त्याचे विधान चिंत्य आहे. रचनेतील घातक दोष तो लगेच मान्य करतो. मग ‘तांत्रिक’ या शब्दाला उरतो तो अर्थ फारच संकुचित ठरतो. ४ नोव्हेंबरला यंत्र खरोखरच थांबले. दर वेळी वाहन धाडताना स्मृतीचा लहानसा भाग अडकून पडे, आणि सुमारे तीन आठवड्यांत सारी स्मृती संपली. हा दोष संहितेत सापडतो व तेथेच दुरुस्त होतो. आधीचा दोष संहितेत शोधून सापडला नसता, कारण तो गृहीतकात होता. मदतीची वाट पाहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने मात्र दोन्ही अपयशे सारखीच.

यावरून अभ्यासकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ज्या प्रबंधात प्रतिसादकालाचे कोष्टक आहे, पण तो कोणत्या भारावर, कोणत्या माहितीच्या भरवशावर आणि कोणासाठी मोजला हे नाही, तो प्रबंध अपुरा समजावा. तसेच ज्या आवश्यकता-लेखात प्रणाली ‘जलद’ असावी एवढेच म्हटले आहे, तो लेख अद्याप लिहावयाचाच आहे, असे मानणे इष्ट.