रिकाम्या घराचा दृष्टांत

मत्तयकृत शुभवर्तमानातील (अध्याय १२) दृष्टांतात माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा परततो, घर झाडलेले पण रिकामे पाहतो आणि आणखी सात दुष्ट आत्म्यांसह तेथे वस्ती करतो. म्हणजे केवळ हकालपट्टीने दुष्टावर सत्ता येत नाही. ख्रिस्ती विवरण ते घर प्रभूच्या स्वाधीन करावयास सांगते. पालि साहित्य घरधन्यालाच जागे राहावयास सांगते. चार सम्यक् प्रधानांत अकुशलाचा संवर व प्रहाण यांबरोबर कुशलाची भावना व अनुरक्षणही आहे. नाशिक जिल्ह्यातील येवल्यात १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मत्यागाची घोषणा केली. १९५६ च्या २२ प्रतिज्ञांत मात्र देवत्यागासोबत पंचशील व अष्टांगिक मार्गाचा स्वीकारही आहे. आपण देव्हारे रिकामे केले. तेथे शील नांदते का, हे प्रत्येक घराने तपासावे.