गच्चीची किल्ली कुणाकडे?

आज आपण चाळीबद्दल बोलणार आहोत, पण आम्ही सुरुवात करणार आहोत ती चाळीबाहेरच्या जागेपासून. आणि त्यासाठी आधी एका विनोदी प्रकरणाकडे जाऊ.

पु. ल. देशपांड्यांचं 'बटाट्याची चाळ' १९५८ साली आलं. त्यातलं 'गच्चीसह झालीच पाहिजे' हे प्रकरण तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलं असेल, ऐकलं तर नक्कीच असेल. चाळीची गच्ची भाडेकरूंना मोकळी मिळावी म्हणून चाळकरी चळवळ उभारतात, हा त्याचा विषय. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' या घोषणेचं ते विडंबन, हे तेव्हाच्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं. चळवळ ऐन भरात होती. आपण हसलो, आजही हसतो. पण हसता हसता एक प्रश्न विचारायचा राहून गेला. ही माणसं मागत काय होती? खोली मागत नव्हती, नळ मागत नव्हती. डोक्यावर आभाळ असलेली चार हात जागा मागत होती. आमचं म्हणणं असं, की ही मागणी हास्यास्पद नव्हती. हास्यास्पद होता तो फक्त तिचा आवेश.

आता हा हिशेब बघा. चाळीतली खोली म्हणजे दहा बाय बारा. त्यात सहा-सात माणसं. त्यातला एक रात्रपाळीचा, म्हणजे दिवसा झोपणारा. अशा खोलीत माणसं राहिली कशी, याचं आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे : शेजारधर्म, माया, उघडी दारं. हे खोटं नाही. पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर असं, की माणसं त्या खोलीत पूर्ण वेळ राहतच नव्हती. ती ओट्यावर, गॅलरीत, नाक्यावर, कट्ट्यावर आणि चौपाटीवर राहत होती. ठाकूरद्वारहून रमतगमत निघालं तरी दहा-पंधरा मिनिटांत वाळू लागते. गिरगावकराच्या घराची एक खोली चौपाटीवर होती म्हणा ना!

आणि या खोलीचे उपयोग बघा. नवराबायकोला भांडायचं असलं, तर घरात भांडता येत नाही, सासूबाई जाग्या. मग 'जरा हवा खाऊन येतो' म्हणून बाहेर पडायचं. समुद्राकडे तोंड, गावाकडे पाठ करून बसलं, की आजूबाजूला शेकडो माणसं असूनही कुणी ऐकत नाही. गर्दीतलं हे एकटेपण फुकट मिळत होतं. ते मिळत होतं म्हणूनच घरातली गर्दी सोसवत होती.

'मुंबईचा जावई' हा १९७० चा सिनेमा आठवा. त्यावरूनच दोन वर्षांनी बासू चॅटर्जींनी हिंदीत 'पिया का घर' केला. नवी सून चाळीत येते आणि नवराबायकोला दोन घटका एकांत मिळत नाही, एवढ्यावर अख्खा सिनेमा उभा आहे. आपण त्याला कौटुंबिक विनोद म्हणून डोक्यावर घेतलं. पण त्याची सोडवणूक काय? माणसांची माया. जागेचा प्रश्न मायेने सोडवला. आमची तक्रार एवढीच, की आपल्या चाळवाङ्मयाने हे फार वेळा केलं. चौरस फुटांचा प्रश्न आला की आपण स्वभावाची गोष्ट सांगतो.

इथे कुणी म्हणेल, भाऊ पाध्यांनी तसं केलं नाही. बरोबर. 'वासूनाका' १९६५ चं. त्यातली पोरं नाक्यावर आहेत आणि तो नाका गोड नाही. पण तिथे आणखी एक गोष्ट दिसते : बाहेरची खोली मुलग्यांची होती. मुलगा रात्री अकराला कट्ट्यावर बसला तर 'पोरगं टवाळ आहे' यापलीकडे कुणी जात नसे. मुलीला बाहेर पडायला कारण लागायचं. भाजी, देऊळ, शिकवणी, धाकट्या भावाला फिरवून आणणं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' लिहिलं, ते मुंबईतल्या बाईच्या याच हक्काबद्दल, काहीही काम नसताना नुसतं रेंगाळायच्या हक्काबद्दल. जुन्या चाळीच्या आठवणींनी गहिवरताना आपण हे पुस्तक शेजारी ठेवावं. म्हणजे गहिवर जरा आवरता येईल.

आता दादरला येऊ. १९२५ साली महापालिकेने खुलं केलेलं माहीम पार्क दोन वर्षांत शिवाजी पार्क झालं. साधारण अठ्ठावीस एकरांचं मैदान, आणि भोवती कट्टा. आम्हाला त्यात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती कट्ट्याची उंची. तो अडवत नाही, बसवतो. कॉलेजची पोरं, निवृत्त मंडळी, नेट्सवरून आलेली मुलं, नातवाला घेऊन आलेल्या आज्या, सगळी एकाच दगडावर. तिकीट नाही. कुणाचे पाहुणे म्हणून आलात, असं कुणी विचारत नाही.

आणि मंडळी, या जागा नुसत्या हवा खाण्याच्या नव्हत्या. १९२० साली टिळकांवर अंत्यसंस्कार झाले ते गिरगाव चौपाटीवर. २० नोव्हेंबर १९५५ ला मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली तीही तिथेच. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा सोहळा ३० एप्रिल १९६० च्या रात्री शिवाजी पार्कवर झाला. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा जनसमुदाय याच मैदानाच्या आसऱ्याला उतरतो. म्हणजे ज्या घोषणेचं विडंबन पुलंनी गच्चीसाठी केलं, ती मूळ घोषणा दुमदुमली तीही अशाच मोकळ्या जागांवर. मोकळी जागा नसती तर ती द्यायची कुठे?

आज काय चाललंय? चाळी जाताहेत. जाव्यात. मोडक्या जिन्याचं आणि सामाईक संडासाचं कौतुक ज्यांनी ते भोगलं त्यांना सांगू नये. घरात संडास येणं ही मोठी गोष्ट आहे, विशेषतः बायकांसाठी. आमचा आक्षेप वेगळा आहे. नव्या इमारतींच्या जाहिराती 'सी व्ह्यू' विकतात. पूर्वी समुद्र चालत जाऊन वापरायचा होता, आता तो वरून बघायचा आहे. बाग पोडियमवर गेली आणि तिच्या दारात रखवालदार बसला. दादरची वाळू भरतीला जवळजवळ नाहीशी होते, पण चाळिसाव्या मजल्यावरून ते कळणारही नाही. तिथून समुद्र पूर्ण दिसतो.

जो समुद्र नुसता दिसतो, त्यासाठी कुणी भांडत नाही. जो वापरात असतो, त्यासाठीच माणूस भांडतो. चाळकरी गच्चीसाठी भांडले, कारण ती त्यांना रोज लागत होती.

म्हणून जाता जाता एक काम देतो. 'गच्चीसह झालीच पाहिजे' घरी जाऊन पुन्हा वाचा, या वेळी विनोद थोडा बाजूला ठेवून. आणि तुमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बैठक असेल, तर किती चौरस फूट मिळणार हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा : नव्या इमारतीच्या गच्चीची किल्ली कुणाकडे राहणार?

लोक हसतील. हसू द्या. उत्तर मात्र लेखी घ्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.